मावशींनी परत मागितलेला कोट

रविवारी मावशींच्या लाँड्रीत जो कुणी पाऊल टाकायचा, त्याच्या हातात इस्त्री पडायची. मग तो जुने कपडे द्यायला आलेला असो, पत्ता विचारायला आलेला असो, नाहीतर दार उघडं दिसलं म्हणून नुसता डोकावलेला असो. औषधाच्या दुकानाचा मालक असाच सापडला. तो बिचारा स्वतःच्या दोन पँटी न्यायला आला होता. "आज गिऱ्हाइकांना सुट्टी, उद्या या," असं मावशी म्हणाल्या आणि तो वळणार इतक्यात, "पण आलाच आहात तर एवढी कॉलर दाबून द्या," असंही म्हणाल्या. एका कॉलरीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे शर्टांचा ढीग, आणि तो घरी गेला तेव्हा दिवस मावळला होता. त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला आणि आपण समाजकार्य करतो असं भेटेल त्याला सांगायला लागला. घरी त्याने आजवर स्वतःच्या रुमालाचीसुद्धा घडी घातली नव्हती, हे त्याच्या बायकोने मावशींना वेगळं सांगितलं.

मावशी म्हणजे सगळ्यांच्याच मावशी. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना मावशी म्हणत, आणि त्याही चालवून घेत. बुटक्या, रुंद, डोळ्यांवरचा चष्मा कायम वाफेने धुरकटलेला, आणि आवाज असा की मागच्या यंत्रांची घरघर चालू असताना त्यांना कधी ओरडावं लागलं नाही. त्या यंत्रांच्या मागे एका स्टुलावर त्यांचा नवरा बसलेला असे. तो कपडे धुवायचा, पिळायचा, वाळवायचा, आणि बोलायचं काम त्याने लग्नानंतर लगेचच बायकोकडे सोपवून टाकलं होतं. दोघांचं त्यावरून कधी भांडण झालं नाही.

लाँड्री म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे काउंटर, मध्ये जुन्या घोंगड्या गुंडाळलेली इस्त्रीची दोन टेबलं, मागे यंत्रं, आणि छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लोखंडी दांडी. आठवडाभर त्या दांडीवर गिऱ्हाइकांचे कपडे लटकत. रविवारी तिच्यावर दुसऱ्या कपड्यांचं राज्य असे. लोक घरातले वापरात नसलेले कपडे आणून टाकत, ते मावशींकडे धुतले जात, उसवलेलं शिवलं जात, तुटलेली बटणं लागत, कडक इस्त्री होई आणि मग ते हँगरवर चढत. ज्यांना गरज असे ते संध्याकाळी येत आणि दुकानात निवडावेत तसे कपडे निवडून नेत. आरशासमोर उभे राहत, बरं दिसतं का विचारत, आवडलं नाही तर ठेवून देत.

"फुकट देतोय म्हणजे चुरगळलेलं द्यायचं, हे कुणी ठरवलं?" मावशी विचारत. "अंगावर घालायचंय ना त्याला? का भांडी पुसायचीत?"

आता दांडी एक आणि कपडे दोन प्रकारचे, म्हणून मावशींनी एक पद्धत घालून दिली होती. गिऱ्हाइकाच्या कपड्याचा हँगर अडकवताना हुकाचं तोंड भिंतीकडे ठेवायचं, द्यायच्या कपड्याचं रस्त्याकडे. चिठ्ठ्या नकोत, रंगीत फिती नकोत. आंधळ्यालाही हाताने चाचपून कळेल, असं त्या म्हणत. आणि कुणी हुक उलटा अडकवलाच तर त्याची जी काही खरडपट्टी निघे, ती ऐकून रस्त्यावरचे लोक चालायचं थांबत. दुसरा नियम असा की एकदा कपडा या दारातून गेला की तो गेला. तो कुणी दिला हे नेणाऱ्याने विचारायचं नाही आणि कुणी नेला हे देणाऱ्याने विचारायचं नाही. या दुसऱ्या नियमाचा मावशींना फार अभिमान होता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग रेडिओवाली मुलगी आली.

देशातल्या प्रत्येकाने आठवड्यातला थोडा वेळ दुसऱ्यासाठी द्यावा, असं काहीतरी रेडिओने मनावर घेतलं होतं, आणि त्यासाठी ठिकठिकाणच्या माणसांशी ते गप्पा मारत होते. मुलगी गोड होती. तिने मावशींच्या तोंडासमोर माइक धरून विचारलं, "तुम्ही लोकांच्या मनात सेवेची भावना कशी जागी करता?"

"मी कशाला जागी करू?" मावशी म्हणाल्या. "मी हातात इस्त्री देते. ती तापलेली असते, माणूस आपोआप जागा होतो."

हे वाक्य देशभर गेलं. खोटं कशाला बोला, मावशींना ते फार आवडलं. रेडिओवर पुन्हा लागलं तेव्हा आपलं लक्षच नाही असं दाखवत त्यांनी नवऱ्याला यंत्रं बंद करायला लावली आणि सगळं ऐकलं. मग फोन सुरू झाले. कुठल्या कुठल्या गावातून माणसं बोलत होती. एक न्हावी म्हणाला, मी सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्यांचे केस त्यांच्या घरी जाऊन कापायला लागलोय, बरोबर करतोय का? मावशी म्हणाल्या, कानामागचे नीट काप, तिकडे सगळे दुर्लक्ष करतात. फोनांच्या मागोमाग गाठोडी यायला लागली. काउंटरखाली गाठोडी, टेबलाखाली गाठोडी, नवऱ्याच्या स्टुलाभोवती गाठोडी. दांडी इतकी भरली की एक हँगर अडकवायचा तर दुसरे दोन खांद्याने ढकलावे लागत. मावशी मात्र कौतुकाच्या वाऱ्यावर तरंगत होत्या.

नेमकं त्याच दिवसांत गणिताच्या बाई कोट घेऊन आल्या.

या बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या रस्त्याने जायला लागल्या की मोठाले बाप्ये अजून सिगारेट पाठीमागे लपवत. मावशींच्या मुलीला त्यांनी दोनदा नापास केलं होतं आणि मावशींच्या मते अगदी योग्य केलं होतं. दरवर्षी थंडी पडायला लागली की बाई आपल्या नवऱ्याचा कोट धुवायला आणत. गडद तपकिरी, जाड लोकरीचा, उंच माणसाचा कोट. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. कोट वर्षभर कपाटातून हलत नसे, त्यावर डाग नसे, सुरकुती नसे. स्वच्छ यायचा आणि स्वच्छ जायचा. मावशींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. बाई म्हणत, "कोट आहे." मावशी म्हणत, "शुक्रवारी न्या." एवढंच. मग मावशी तो कोट दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः ब्रशने झाडत, वाफ देत, वाऱ्यावर धरत, आणि त्या वेळी त्यांचं तोंड बंद असे.

या वर्षी बाई आल्या तेव्हा मावशींच्या कानाला फोन होता. देशाच्या दुसऱ्या टोकाहून कुणी बाई विचारत होती की सुरुवात कुठून करायची. मावशी तिला सुरुवात कुठून करायची ते सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांनी एका हाताने कोट घेतला, बाईंना मानेनेच शुक्रवार कळवला, कोट हँगरवर चढवला आणि दांडीवर अडकवला. हुकाचं तोंड रस्त्याकडे.

रविवारी संध्याकाळी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्या गर्दीत एक माणूस दाराशीच अंग चोरून उभा होता. गावाबाहेरच्या शीतगृहात तो खोकी चढवण्या-उतरवण्याचं काम करत होता. नवीनच आला होता. आपल्याच देशातला, पण इतक्या लांबचा की इथे त्याला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. औषधवाल्याने कामाची चौकशी केली आणि तिथल्या तिथे त्याचं 'गारठा' असं बारसं केलं. मग दांडीवरून औषधवाल्याचा हात फिरत फिरत त्या तपकिरी कोटावर आला. त्याने हुक पाहिला, पुन्हा पाहिला, आणि कोट काढून गारठ्याच्या अंगावर चढवला. गारठा ठेंगणा. बाह्या पार नखांच्या खाली आल्या. सगळे हसले, तोही हसला, पण त्याने कोट काढला नाही.

"एवढा चांगला कोट? कुणी दिला?" त्याने विचारलं.

"इथे विचारायची पद्धत नाही," औषधवाला ऐटीत म्हणाला.

मावशी त्या वेळी मागे गाठोड्यांत बुडालेल्या होत्या. त्यांना नुसतं हसणं ऐकू आलं, आणि माणसं हसतायत म्हणजे काम नीट चाललंय असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी बाई आल्या. "कोट."

मावशींनी दांडीवर हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग एकेक कपडा बाजूला करून बघायला लागल्या आणि अर्ध्या दांडीपर्यंत जाऊन थांबल्या. "बसा जरा," असं बाईंना म्हणून त्यांनी औषधवाल्याला फोन लावला.

"तपकिरी कोट तुम्ही दिलात? तुमचे डोळे आहेत का बटणं?"

"हुक रस्त्याकडे होता, मावशी," तो बिचारा म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. एवढा भारी कोट म्हणून मी दोनदा बघितला, मग शीतगृहातल्या त्या गारठ्याला दिला."

मावशींना फोन आठवला. फोनवरची बाई आठवली, आपलाच आवाज आठवला, आणि आपला हातही आठवला. इतकी वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी लोकांना सोलून काढलं होतं, ती चूक त्यांनी स्वतः केली होती, आणि तीही नेमक्या या कोटाच्या बाबतीत. त्यांनी फोन ठेवला. काहीतरी सबब सांगता आली असती, पण समोर गणिताच्या बाई होत्या.

"बाई, चूक माझी आहे. तुमचा कोट मी देऊन टाकला."

बाई चढ्या आवाजात बोलत नसत. त्या हळू बोलायला लागल्या की वर्ग चिडीचूप होत असे. "माझ्या घरातली वस्तू देणाऱ्या तुम्ही कोण?" त्या हळू म्हणाल्या. "मला तो परत हवा." आणि त्या उठून गेल्या. दार ओढून घ्यायलाही त्या थांबल्या नाहीत, आणि मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारचा चहा दोघं नवरा-बायको यंत्रांच्या मागे घेत. त्या दिवशी मावशींचा कप तसाच राहिला.

"अहो, जाऊन मागू कशी?" त्या म्हणाल्या. "दिलेलं काढून घेतात, असं म्हणेल तो. दहा जणांना सांगेल. आणि का सांगू नये? आरशासमोर उभं करून द्यायचं आणि आठवडा सरायच्या आत दारात जाऊन उभं राहायचं. आणि नाही मागितला, तर बाईंच्या समोर कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांच्याकडे नवऱ्याचं दुसरं काय आहे?"

बोलता बोलता मावशींची नजर नवऱ्याच्या अंगावरच्या जॅकेटवर गेली आणि तिथेच थांबली. त्याने ती नजर पाहिली. संसार बऱ्याच वर्षांचा होता. त्याने कप खाली ठेवला, जॅकेट काढलं आणि घडी घालून बायकोच्या मांडीवर ठेवलं.

"झिप अडकते," तो म्हणाला. "त्याला सांग, जोर लावायचा नाही."

शीतगृह गावाच्या टोकाला होतं. मोठ्या दारांना रबराच्या जाड पट्ट्या लोंबत होत्या आणि कुणी त्यांतून बाहेर आलं की त्याच्याबरोबर धुकं बाहेर येत होतं. सगळीकडे ओल्या पुठ्ठ्याचा आणि सफरचंदांचा वास. मावशी खोक्यांच्या थप्पीशेजारी उभ्या राहिल्या. बसमध्ये त्यांनी बोलायचं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. आधी चौकशी, मग जॅकेट, मग हळूच विषय. गारठा पट्ट्यांतून बाहेर आला. कोटाच्या वरून त्याने कामाचा पातळ एप्रन बांधला होता, आणि मावशींना बघून त्याचा चेहरा असा फुलला की मावशींना तिथून पळून जावंसं वाटलं.

"मावशी! तुम्ही इथे?" आणि मागून येणाऱ्या दोघा-तिघांना तो म्हणाला, "ह्याच त्या. म्हटलं नव्हतं का? ह्यांच्याकडून मिळाला कोट."

मनात मांडलेलं सगळं विस्कटलं. "तो कोट," मावशी म्हणाल्या, "तो मला परत हवाय."

त्याने एप्रन सोडला आणि कोटाची बटणं काढायला लागला. खिसे रिकामे केले. एक रुमाल, बसचं तिकीट, पेन्सिलीचा तुकडा. कोट झटकला, दोन्ही खांदे जुळवून नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला.

"बाह्या मी आत दुमडून टाके घातलेत," तो म्हणाला. "कापल्या नाहीयेत हां. पुढच्या माणसाला लांब लागणार असतील तर उसवून घ्या."

"का मागतेय, ते विचारणार नाहीस?"

"त्यात काय विचारायचं?" त्याला खरंच नवल वाटलं. "कुणाला तरी माझ्याहून जास्त थंडी वाजत असणार. नाहीतर तुम्ही एवढ्या लांब कशाला याल?"

खरं सांगायचा क्षण तो हाच होता. पण देशभर ऐकू गेलेल्या त्या तोंडातून आता आवाज फुटेना. मावशींनी नुसतं जॅकेट पुढे केलं. त्याने ते घातलं, झिप ओढली, ती मध्येच अडकली. "जोर लावायचा नाही," मावशी कशाबशा म्हणाल्या. तो हसला आणि पुन्हा पट्ट्यांमागे गेला.

बसमध्ये कोट मांडीवर घेऊन बसल्यावर मावशींना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. इतके रविवार त्या दाराशी उभ्या राहून माणसं बघत आल्या होत्या. हा द्यायला आलाय, हा घ्यायला आलाय, लांबूनच त्यांना कळायचं. या माणसालाही त्यांनी घेणाऱ्यांतच धरलं होतं. अंगावरचा कोट गारठ्यात उभं राहून असा काढून देणारा माणूस त्यांच्या सगळ्या देणाऱ्यांत एकसुद्धा नव्हता. त्या स्वतःही नव्हत्या. त्यांनी आणलेलं जॅकेटही नवऱ्याचं होतं.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार लगेच उघडलं, जणू त्या दाराशीच बसलेल्या होत्या. आतली खोली टापटीप आणि थंडगार. टेबल, दोन खुर्च्या, पैकी एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कपाट सताड उघडं होतं आणि आत रिकामा हँगर लटकत होता. बाईंनी कोट घेतला, टेबलावर पसरला आणि त्यांची बोटं बाहीपाशी थांबली. गडद तपकिरी लोकरीवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके होते, मोठे मोठे, वाकडेतिकडे. त्याच्याकडे तेवढाच दोरा असणार.

"हे कुणी केलं?"

"उसवते," मावशी घाईघाईने म्हणाल्या आणि पर्समधून छोटी कात्री काढली. "आत्ता, इथेच. वाफ दिली की खूणसुद्धा राहणार नाही."

"थांबा. तो काय म्हणाला?"

मावशींनी सगळं सांगितलं. तो कसा खूष झाला, बरोबरच्यांना काय म्हणाला, खिशातून काय निघालं. "आणि बाई, मी त्याला खरं सांगितलं नाही. माझं तोंडच उघडलं नाही. त्याला अजून वाटतंय की त्याच्याहून जास्त थंडी वाजणारं कुणीतरी आहे, म्हणून मी कोट नेला."

बाईंनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हे गेले तेव्हा एकदा घालून बघितला होता मी," त्या म्हणाल्या. "माझे हात आतच राहिले. बाहेर येईनात. मला इतकं रडायला आलं की मग कपाटात ठेवला तो ठेवलाच."

त्यांनी कोट उचलला आणि एक हात घातला, मग दुसरा. मावशी मदतीला पुढे झाल्या, पण मदत लागली नाही. बाह्या बरोबर मनगटापाशी थांबल्या. बाईंनी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले, पांढऱ्या टाक्यांतून बाहेर आलेले. मग त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि कॉलर कानांपर्यंत वर घेतली.

"उसवू ना?" मावशींनी विचारलं.

"नको." बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कोट अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "त्याला सांगा, कोट पोचला म्हणून. सांगा, तुझं बरोबर होतं. त्या बाईला फार वर्षांपासून थंडी वाजत होती."